शंभर टक्क्यांचा बागुलबुवा

पुण्यात कर्वेनगरपासून वाकडपर्यंत संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी तासभर उभं राहिलं, तर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘दादा, सीपीयू हंड्रेडला जातोय’ हे एक आणि ‘गेम लॅग मारतोय’ हे दुसरं. बोलणारा बहुधा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, नाहीतर स्कूटरच्या पुढ्यात पायांमध्ये धरलेलं अख्खं कॅबिनेट. उत्तरंही ठरलेली असतात. ‘ठेवून जा, फॉरमॅट मारून बघू’ किंवा ‘प्रोसेसर जुना झालाय, बदलून टाक’. पहिल्या उपायात डेटावर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते, दुसऱ्यात मदरबोर्डासकट पंधरा-वीस हजार रुपये जातात. दोन्ही उपाय कधीकधी लागूही पडतात. पण बऱ्याचदा हा प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच असतो, कारण आग नेमकी कुठे लागली आहे हे कुणी पाहिलेलं नसतं.

मुळात प्रोसेसर शंभर टक्के कामात असणं हा आजार नाही. त्याचे पैसे मोजले ते त्यानं काम करावं म्हणूनच. २८ मार्च २०२३ रोजी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ हा गेम पीसीवर आला तेव्हा अनेकांच्या यंत्रांत पहिल्यांदा गेम उघडल्यावर प्रोसेसर बराच वेळ शंभरला टेकून राहिला, पंखे घोंगावू लागले आणि संगणक जळतो की काय अशी भीती लोकांना वाटली. त्या वेळी पडद्यामागे गेमचे ‘शेडर’ तयार होत होते, म्हणजे प्रकाश आणि पृष्ठभाग कसे दिसावेत हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं त्या-त्या ग्राफिक कार्डाच्या भाषेत रूपांतर चाललं होतं. ते काम सगळ्या कोअरमध्ये छान वाटता येतं, म्हणून सगळे कोअर त्याला जुंपलेले. काही गेम हेच काम आधी न करता खेळ चालू असताना करतात, आणि मग नवीन खोलीत शिरताच किंवा पहिला स्फोट होताच चित्र क्षणभर अडखळतं. त्यामुळे असा गेम शेडर बनवत असेल तर त्याला बनवू द्यावं, मधेच बंद करू नये.

‘लॅग’ या एका शब्दाखाली खेळाडू तीन निरनिराळी दुखणी सांगतात, आणि खरी गफलत इथूनच सुरू होते. पहिलं दुखणं इंटरनेटचं. गोळी झाडली पण शत्रू पडलाच नाही, पळता पळता पात्र दोन पावलं मागे खेचलं गेलं. चित्र मात्र गुळगुळीत चालू आहे. इथे प्रोसेसरचा काही संबंध नाही. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर २०२० साली मुंबईत आले, त्याआधी भारतातल्या खेळाडूंना सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळावं लागे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून सिंगापूर सुमारे ४ हजार किलोमीटर, तेव्हा संदेश जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद नुसत्या अंतरातच जाणार. मुंबईचं अंतर दीडशे किलोमीटर, म्हणजे अवघा दीड मिलिसेकंद. पुण्यात बसून मुंबईच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे संदेशाच्या जाण्या-येण्याचा वेळ, ८०-९० मिलिसेकंद दिसत असेल, तर ते अंतराचं काम नव्हे. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आणि खेळणारा आतल्या खोलीत दोन भिंतींपलीकडे, अशी घराची रचना बहुतेकदा त्यामागे असते. वीस मीटर लॅन केबल ओढली की हा प्रश्न निकालात निघतो. त्यासाठी प्रोसेसर बदललेली माणसंही आहेत!

दुसरं दुखणं कमी फ्रेमचं, म्हणजे चित्र सतत संथ. तिसरं अडखळण्याचं, म्हणजे आकडा ९० एफपीएस (सेकंदाला ९० चित्रं) दाखवतो, पण दर काही सेकंदांनी गचका बसतो. ही दोन्ही समजायला एक हिशेब पुरतो. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला की तोच वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो. एवढ्या वेळात प्रोसेसरनं माउस आणि कीबोर्डची हालचाल वाचायची, शत्रू कुठे वळला ते ठरवायचं, पडणाऱ्या पेटीचा वेग काढायचा आणि काय-काय रंगवायचं याची यादी ग्राफिक कार्डाच्या हाती द्यायची. यादी उशिरा मिळाली तर पन्नास हजारांचं ग्राफिक कार्डही हातावर हात ठेवून बसतं. आणि ५९ चित्रं वेळेवर येऊन साठावं चित्र ८० मिलिसेकंद रखडलं, तर सरासरीचा आकडा फारसा हलत नाही, डोळ्याला मात्र गचका जाणवतो. म्हणून जाणकार सरासरी एफपीएसपेक्षा ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा, म्हणजे सगळ्यांत रखडलेल्या एक टक्का फ्रेम कशा होत्या, ते आधी बघतात.

आता टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो आणि प्रोसेसरचा वापर टक्क्यांत सांगतो. गंमत अशी की हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. आठ कोअर, सोळा थ्रेडचा प्रोसेसर घ्या. गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर अडलं असेल आणि तो थ्रेड काठोकाठ भरलेला असेल, तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा सोळावा, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. बाकीची किरकोळ कामं धरून पडद्यावर ‘३० टक्के’ दिसतं आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे. लग्नाच्या पंगतीत आठ वाढपी असावेत आणि तूप वाढणारा एकटाच असावा, तसं हे. सात जण पदर खोचून उभे, पण वरणभातावर तुपाची धार पडल्याशिवाय पंगत हात लावणार नाही. आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडलं की सोळा छोटे चौकोन दिसतात. त्यातले एक-दोन काठोकाठ भरलेले आणि बाकीचे निवांत, असं चित्र असेल तर दुखणं सापडलं. विंडोज एकच थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असतं, त्यामुळे कधीकधी एकही चौकोन पूर्ण भरलेला दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

काम अनेकांत कसं वाटायचं हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, ती अमेरिकेनं क्रे कंपनीचा हवा तो महासंगणक भारताला देण्यात खळखळ केल्यावर. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला ‘परम ८०००’ हा एका अजस्र प्रोसेसरवर चालत नव्हता. ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या अनेक छोट्या चिप एकत्र जुंपून त्यानं काम वाटून घेतलं होतं. हवामानाच्या अंदाजासारखी गणितं तुकड्यांत मोडता येतात म्हणून ही युक्ती चालली. प्रत्येक काम असं मोडत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली याची मर्यादा मांडली होती. कामाचा ४० टक्के भाग वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग अडीचपटीच्या पुढे जाणार नाही. गेममध्ये आधी खेळाडूची चाल, मग तिचा परिणाम, मग चित्र हा क्रम मोडता येत नाही, म्हणून त्यातला मोठा भाग या न वाटता येणाऱ्या खात्यात पडतो. सोळा कोअरचा प्रोसेसर आणूनही गेम जिथल्या तिथेच राहतो, तो यामुळे.

याचं सगळ्यांत मजेदार उदाहरण ‘जीटीए ऑनलाइन’चं आहे. हा गेम पीसीवर उघडायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागत आणि लोक हार्ड डिस्कला, इंटरनेटला, आपल्या जुन्या प्रोसेसरला शिव्या देत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘टीझिरोएसटी’ अशा टोपणनावाच्या एका प्रोग्रॅमरनं टास्क मॅनेजर उघडून पाहिला. डिस्क शांत, नेटवर्क शांत, ग्राफिक कार्ड शांत, फक्त प्रोसेसरचा एकच थ्रेड चार मिनिटं घाम गाळतोय. त्यानं गेमचा कोड उलगडला, तेव्हा निघालं ते भलतंच. गेममध्ये विकत घेता येणाऱ्या वस्तूंची १० मेगाबाइटची, सुमारे ६३ हजार नोंदींची यादी उघडताना वाचली जात होती. पुढचा तुकडा वाचण्याआधी दर वेळी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जाई. वर प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जाई, ती दुबार तर नाही ना म्हणून. हिशेब केला तर या ताडणीच साधारण १९८ कोटी होतात. त्यानं स्वतःपुरती दुरुस्ती केली आणि त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचं काम १ मिनिट ५० सेकंदांत उरकलं. रॉकस्टार कंपनीनं पुढच्याच महिन्यात दुरुस्ती सगळ्यांना दिली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं. तोवर या गेमसाठी प्रोसेसर बदललेल्यांनी काय म्हणायचं?

तेव्हा प्रश्न ‘किती टक्के?’ हा नसून ‘कोण कुणासाठी थांबलंय?’ हा आहे. त्याचं उत्तर मिळवायला ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारखा फुकट प्रोग्रॅम पुरतो. तो खेळता खेळता पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, तापमान आणि फ्रेमला लागलेला वेळ दाखवतो. ग्राफिक कार्ड ९७-९९ टक्के आणि प्रोसेसर निम्म्यावर असेल, तर ती निरोगी अवस्था आहे, फ्रेम कमी वाटत असतील तर ग्राफिक्सची सेटिंग उतरवावी. उलट ग्राफिक कार्ड ५०-६० टक्क्यांवर घुटमळत असेल, तर ते कशाची तरी वाट बघतंय. खात्री करायची एक सोपी चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावं. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण ग्राफिक कार्डाकडे होती. आकडा ढिम्म हलला नाही तर प्रोसेसरकडे. चित्राचा आकार लहान झाल्यानं प्रोसेसरचं काम जवळजवळ काहीच कमी होत नाही, त्यामुळे हा निवाडा सहसा चुकत नाही.

यातूनच एक उफराटा प्रकार घडतो. गेम लॅग होतोय म्हणून पोरं सगळी सेटिंग ‘लो’ करतात आणि प्रोसेसरचा आकडा आणखी चढतो. सेटिंग उतरवल्यावर ग्राफिक कार्ड मोकळं होतं, जास्त चित्रं मागतं आणि तेवढ्या याद्या बनवताना प्रोसेसरची दमछाक होते. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३०० एफपीएसनं चालवणारे पुष्कळ आहेत. यातली बहुतेक चित्रं पडद्यावर पूर्ण उमटतही नाहीत. कसलेल्या खेळाडूला जास्त फ्रेमचा प्रतिसादात थोडा फायदा होतो हे खरं, पण ज्याचा लॅपटॉप तापून गचके देतोय त्यानं फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या थोडी वर बांधून टाकावी. पैसे न लागणाऱ्या उपायांत हा पहिला यायला हवा, आणि दुकानात तो क्वचितच सांगितला जातो.

प्रोसेसर खाणाऱ्या सेटिंगही निराळ्या असतात. टेक्स्चरचा दर्जा वाढवला तर भार ग्राफिक कार्डाच्या मेमरीवर पडतो. गर्दीची घनता, किती दूरवरचं दिसावं ते अंतर, सावल्या, फिजिक्स हे भार प्रोसेसरकडे जातात. मार्च २०२४ मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आला तेव्हा जंगलात बरा चालणारा गेम शहरात शिरताच गुडघे टेकायचा. शहरातल्या प्रत्येक पात्राच्या वावराचा हिशेब सतत चालू असतो आणि त्यात प्रोसेसर खर्ची पडतो, असं कॅपकॉम कंपनीनंच सांगितलं होतं.

गेम बनवणाऱ्यांच्या बाजूनं हे दुखणं कसं दिसतं, ते पुण्यातच पाहायला मिळतं. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या छोट्या चमूनं बनवलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आला, तो आधी निन्टेंडो स्विचवर. पीसीवर तो ऑक्टोबरमध्ये पोचला. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. स्विच म्हणजे हातात मावणारं यंत्र. त्यात सुमारे एक गिगाहर्ट्झवर चालणारे चार कोअर आणि ४ गिगाबाइट मेमरी. आजचा स्वस्तातला लॅपटॉपही कागदावर त्याहून दणकट असतो. अनरिअल इंजिन ४ वर बांधलेला, राजवाडे आणि मंदिरांनी भरलेला गेम त्यात बसवायचा म्हणजे प्रत्येक मिलिसेकंदाचा हिशेब ठेवणं आलं. अशी काटकसर ज्या गेममध्ये झालेली नसते, तिथे तिची किंमत खेळणारा आपल्या प्रोसेसरमधून मोजतो.

आता घरातले चोर. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’ या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यांत खादाड प्रोग्रॅम वर येतात. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे भीतिदायक नाव म्हणजे विंडोजचाच डिफेंडर, तपासणी करत असलेला. ती संपू द्यावी, किंवा तिची वेळ खेळाच्या वेळेपासून दूर ठेवावी. स्टीमवर दुसरा एखादा गेम उतरत असेल तर त्याच्या दाबून भरलेल्या फाइल सोडवायलाही प्रोसेसर लागतो, आणि फायबरचं कनेक्शन जितकं वेगवान तितका हा भार जास्त. यूट्यूबवर खेळ थेट दाखवणारे ‘ओबीएस’मध्ये ‘एक्स२६४’ निवडतात, तेव्हा व्हिडिओ बनवण्याचं काम त्याच प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. तिथे ‘एनव्हीएन्क’ निवडलं की ते ग्राफिक कार्डातल्या वेगळ्या भागाकडे जातं. रंगीत दिवे चालवणारी दोन-तीन सॉफ्टवेअर, हलणारा वॉलपेपर, क्रोमच्या चाळीस खिडक्या हे तर असतातच. सेकंदाला ८ हजार वेळा आपली जागा कळवणारा महागडा माउससुद्धा काही गेममध्ये गचके आणतो. तो हजारावर ठेवला तरी हाताला फरक जाणवत नाही.

कधी चोर अधिकृतच असतो. एनव्हिडिया कंपनीचं मोठं केंद्र पुण्यात येरवड्याला आहे, तेव्हा तिच्या ड्रायव्हरशी या शहराचं नातं दुहेरी. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस आलेल्या ५३१.१८ या आवृत्तीत गेम बंद केल्यावरही ड्रायव्हरचा एक भाग प्रोसेसरचे दहा-पंधरा टक्के खात बसायचा. काही दिवसांतच ५३१.२६ ही दुरुस्ती आली. ड्रायव्हर नवा टाकल्यापासून बिघडलं असेल तर आधीच्या आवृत्तीवर परत जाणं हा शहाणपणाचा उपाय, त्यात कमीपणा नाही.

आणि कधी चोर खराखुरा चोर असतो. फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’ गेमबद्दल आपल्याकडे फारच उदार दृष्टी आहे. जून २०२१ मध्ये अव्हास्ट या सुरक्षा कंपनीनं ‘क्रॅकोनॉश’ नावाचा प्रकार उघड केला. ‘जीटीए ५’, ‘एनबीए २के१९’ अशा गेमच्या चोरट्या प्रतींतून तो संगणकात शिरे, विंडोजचा डिफेंडर काढून टाके आणि मालकाच्या विजेवर मोनेरो हे आभासी चलन खणत बसे. जगभरात २ लाख २२ हजारांहून अधिक संगणक त्यानं धरले होते, त्यात भारतातले १३ हजारांहून जास्त. खणून काढलेलं चलन २० लाख डॉलरच्या वर गेलं. अशा प्रोग्रॅमची एक खोड ओळखून ठेवण्यासारखी आहे. टास्क मॅनेजर उघडताच त्यातले कित्येक काम थांबवतात. पंखे जोरात फिरत होते, टास्क मॅनेजर उघडला आणि दोन सेकंदांत सगळं शांत झालं, बंद केला की पुन्हा घोंगावणं सुरू, असं वारंवार होत असेल तर तो योगायोग समजू नये. फॉरमॅट मारणं हा उपाय शोभतो तो इथे.

हे सगळं तपासूनही फ्रेम सुरुवातीला छान आणि वीस मिनिटांनी निम्म्यावर, असं होत असेल तर विषय उष्णतेचा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि खोली जितकी तापते जवळजवळ तितकंच प्रोसेसरचं तापमानही चढतं. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांवर आणि रायझनचे ९५ च्या आसपास स्वतःचा वेग आपणहून उतरवतात, जळू नये म्हणून. टक्क्यांचा आकडा तेव्हा चढाच दिसतो, कारण तेच काम आता कमी वेगानं, जास्त वेळ चालतं. ‘एचडब्ल्यूइन्फो’मध्ये वेगाचा आकडा ४.२ गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली घसरताना दिसला की निदान झालंच.

कारणं बहुतेकदा साधी असतात. सुतारानं करून दिलेल्या कॉम्प्युटर टेबलात कॅबिनेटसाठी खास कप्पा असतो, पाठीला फळी आणि पुढे दार. त्यात कोंडलेला पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर थर धरून बसते. पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. इंटेलच्या डब्यातून येणारा गोल पंखा प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो. समोरासमोरच्या दोन खुंट्या एकदम दाबायच्या आणि प्रत्येकीचा ‘टक’ असा आवाज ऐकायचा. स्कूटरवरून आणताना त्यातली एखादी निसटते, पंखा एका बाजूनं केसभर उचलला जातो आणि संगणक चालू करताच तापमान ऐंशीच्या पुढे. मदरबोर्ड उलटून पाहिला तर चारही खुंट्यांची टोकं पलीकडून बाहेर आलेली दिसायला हवीत. चार-पाच वर्षांनी प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकते, ती पुसून नवी लावणं हे तासाभराचं काम. नव्या पंख्याच्या तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक तसंच ठेवून पेस्ट मारलेले पीसीही दुरुस्तीला येतात.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. चार्जर न लावता गेम खेळला तर बहुतेक यंत्रं वेग मुद्दाम उतरवतात. मूळ चार्जर हरवला म्हणून कमी वॉटचा लावला, तरी तेच.

मेमरीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि इथे टास्क मॅनेजरचा दुसरा चकवा आहे. प्रोसेसर रॅमकडून माहिती येण्याची वाट बघत खोळंबला असेल, तरी तो वेळ ‘कामात’ म्हणूनच मोजला जातो. म्हणजे पडद्यावरच्या ९० टक्क्यांतला मोठा हिस्सा निव्वळ ताटकळण्याचा असू शकतो. असेंबल करताना पैसे वाचवायला १६ गिगाबाइटची एकच पट्टी घेतली जाते, ‘पुढे दुसरी टाकू’ असं म्हणत. एका पट्टीवर डीडीआर४-३२०० मेमरी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट देते, दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर ५१.२. शिवाय पाकिटावर ३२०० लिहिलेली पट्टी बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ चालू केल्याशिवाय अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. वर्षानुवर्षं असं खेळणारे सापडतात. एक सेटिंग बदलण्याचा हा प्रश्न, आणि प्रोसेसरला त्यानं दिलासा मिळतो तो कुठल्याही फॉरमॅटपेक्षा जास्त.

सगळं झाडून पाहिल्यावरही टास्क मॅनेजरमधले सगळेच चौकोन काठोकाठ भरलेले असतील तर प्रोसेसर खरोखरच अपुरा आहे. २०१७ पर्यंत इंटेलचे घरगुती डेस्कटॉप प्रोसेसर चार कोअरच्या पुढे गेलेच नव्हते. त्या वर्षी मार्चमध्ये एएमडीनं आठ कोअरचा रायझन आणला आणि ऑक्टोबरमध्ये इंटेलनं सहा कोअर दिले. गेम बनवणारेही मग तसे सैल झाले. सातव्या पिढीचा चार थ्रेडचा आय-फाइव्ह आजच्या मोठ्या गेममध्ये दमणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. रायझनवाल्यांची त्यातल्या त्यात सोय अशी की एएम४ चा जुना बोर्ड असेल, तर पुष्कळदा फक्त बायोस अपडेट करून त्यावरच ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो.

बायोसचा विषय निघालाच आहे, तर दोन प्रकरणं सांगायला हवीत. २०२२ मध्ये रायझनच्या अनेक संगणकांत काही कारण नसताना क्षणभर गचका बसे, आवाजासकट. आलेखात काहीच दिसत नसे. मार्चमध्ये एएमडीनं कबूल केलं की सुरक्षेसाठीचा ‘एफटीपीएम’ हा भाग मदरबोर्डावरच्या संथ मेमरीशी बोलायला गेला की सगळं खोळंबतं. उपाय बायोसच्या नव्या आवृत्तीत आला. दुसरं प्रकरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या ताकदवान प्रोसेसरचं. अनरिअल इंजिनचे गेम बंद पडत आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक कार्डं बदलली. दोष प्रोसेसरमध्ये होता. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितल्यानं तो हळूहळू खराब होत होता. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलनं बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेली चिप मात्र त्या दुरुस्तीनं बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते, म्हणून बिल जपून ठेवावं.

बायोस अपडेट हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मदरबोर्डाचं नेमकं मॉडेल पाहून कंपनीच्या साइटवरून फाइल घ्यायची, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात टाकायची आणि बायोसमधूनच ती चालवायची. मधे वीज गेली तर मात्र बोर्ड मुका होऊन बसतो आणि मग दुकान गाठावंच लागतं. गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाण्याची पुण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. यूपीएस घरात नसेल तर निदान तो वार सोडून हे काम काढावं.